पुन्हा, पहिल्यापासून

टक्.

सरांची अंगठी टेबलावर वाजली आणि जेवायला बसलेली सगळी माणसं घास हातात धरून थांबली.

"दिलंच नाही, असं नाही. दिलंच नाहीस," सर म्हणाले. "पुन्हा. पहिल्यापासून."

वन्संनी हातातला घास ताटात ठेवला. "तू मला पाणी दिलंच नाहीस," असं धाकट्या भावाला नीट सांगून झाल्यावरच त्यांनी पाण्याच्या जगाकडे हात केला. भर कोर्टात समोरच्या वकिलाची बोबडी वळवणारी बाई ही! केसांत पांढरं डोकवायला लागलेलं, स्वतःची पोरं कॉलेजात. पण माहेरच्या टेबलाशी बसली की बापाच्या अंगठीला अजून दचकते. भावाने अवाक्षर न काढता जग पुढे सरकवला.

धाकटी सून हे बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. लग्न होऊन आल्यापासून ती ही टकटक ऐकत आली होती. मोठ्या माणसांचं सोडा हो, ती आपलं बघून घेतात. आज तिचा राग टेबलाशी बसलेल्यांसाठी नव्हताच. तो होता खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर, मांडीवर ताटली घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या भिंगरीसाठी.

भिंगरी मोठ्या दिरांची मुलगी, सहा वर्षांची. एका जागी ठरायची नाही, सारख्या स्वतःभोवती गिरक्या, म्हणून भिंगरी. बरेच दिवस झाले, तिने गिरकी घेतली नव्हती आणि घरात मोठ्या माणसांसमोर तोंडही उघडलं नव्हतं.

कारण काय, तर खुर्ची.

हे घर मुळात शाळेचं. खाली वर्ग, वर दोन मजली घर. सरांनी शाळा काढली, लहान मुलांना वाचायला शिकवणारं पुस्तक लिहिलं, आणि घराने ते डोक्यावर घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही. सरांचा नियम एकच. चूक होईल तिथेच थांबवायचं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणून घ्यायचं. घरातल्या प्रत्येक मुलाने सहाव्या वर्षी सगळ्यांसमोर उभं राहून त्या पुस्तकातलं एक पान वाचायचं आणि मग पानावरच्या चित्राबद्दल आपल्या मनाने बोलायचं. एकदाही अंगठी वाजली नाही, तर मोठ्या टेबलाशी खुर्ची मिळते. उंच पायांची, वेताची. तोवर बुटकं स्टूल. वन्संना ती पहिल्या झटक्यात मिळाली होती, मोठ्या दिरांनाही. धाकटीच्या नवऱ्याला फार उशिरा मिळाली, आणि तोवर त्याची बोलायची सवयच सुटली होती. तो आता घड्याळं दुरुस्त करतो. धाकटी त्याला लाडाने मौनीबाबा म्हणते. रागावली तरी मौनीबाबाच म्हणते.

भिंगरीने पान घडाघडा वाचलं होतं. मग चित्राबद्दल सांगायला गेली, "मांजर दूध प्यायला जालं," आणि टक्. तिने पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा "जालं", पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला ती नुसती उभी राहिली. अंगठीकडे बघत. त्यानंतर तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

आज वन्संना मुद्दाम बोलावून घेतलं होतं ते याच्यासाठी. जेवणं आटोपली. सरांच्या पत्नी, म्हणजे माई, "तुमचं चालू द्या, मला वर काम आहे," असं म्हणून उठल्या. भिंगरी त्यांचा पदर धरून मागोमाग निघाली. ताटं आत गेली आणि मोठ्या दिरांनी घसा खाकरला. शाळेचा मुख्याध्यापक घसा खाकरतो म्हणजे भाषण आलंच.

"सोमवारपासून पहिलीचा वर्ग मी घेणार आहे," ते म्हणाले. "हिला ऑफिसात बसू दे. फोन, प्रवेश, पालकांच्या तक्रारी. तिथे माणूस हवाच आहे."

हिला! म्हणजे धाकटीला. ती समोर बसलेली असताना.

"का पण?" धाकटीने विचारलं.

"का म्हणजे? आपल्या घरची मुलगी 'जालं' म्हणते आणि शिकवणारी काकू हसते! परवा एक बाई सांगत होत्या, माझा मुलगा 'मी करलं' म्हणतो आणि त्याच्या बाई म्हणतात, वा! वा म्हणतेस तू?"

"म्हणते."

"ऐका!" दीर सरांकडे वळले. "स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय!"

"कबूल करायला मी काय चोरी केलीय?" धाकटीचा आवाज चढला. "भाऊजी, मला एक सांगा. 'जालं' हा शब्द भिंगरीला कुणी शिकवला? मी नाही, तुम्ही नाही. या घरात तो कुणाच्या तोंडून कधी निघालेलाच नाही. मग आला कुठून? तिने केला! बसलं, पळलं, उठलं ऐकून तिच्या ध्यानात आलं, की होऊन गेलेल्या गोष्टीच्या मागे 'लं' येतं. म्हणून तिने 'जा'लाही लावलं. एवढंसं पोर कुणी न सांगता नियम हुडकून काढतं, आणि तुम्ही त्याला टकटक करून गप्प बसवता!"

"अगं, पण 'गेलं' कधी म्हणायचं तिने? लग्न झाल्यावर?" वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. जाऊबाईही हसल्या. हसू कसलं येतं यांना, धाकटीला कळेना.

"वर्गात येऊन बघा एकदा. कुणी आलंय कधी?"

कुणी आलं नव्हतं, तेच तर. आले असते तर दिसलं असतं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी होती. तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली पुठ्ठ्याची कार्डं. बस, पळ, लिही, हस. लाल कागदाच्या पट्ट्यांवर शेपट्या. तो, ते, ला, ली, ईल. पोरं टाचा उंचावून कार्डाला शेपटी चिमटायची आणि वाचायची. फरशीवर खडूने तीन मोठे चौकोन, होणार, होतंय, झालं. एकाने पेला हातात घ्यायचा, पहिल्या चौकोनात उभं राहून ओरडायचं, "मी पाणी ओतणार!" उडी मारायची, "मी पाणी ओततोय!" आणि तिसऱ्यात, निम्मं पाणी पायावर सांडून, "मी पाणी ओतलं!" हातांनी करून, पायांनी उडी मारून शिकलेलं पोर विसरत नाही. जा, ये, कर, पी ही कार्डं मात्र एका पत्र्याच्या डब्यात वेगळी, कारण त्यांना शेपटी लावायला गेलं की ती अख्खं रूपच पालटतात. तो हट्टी डबा. हट्टी डबा निघाला की वर्गात नुसता दंगा. आणि कुणी 'जाला' म्हटलं, की धाकटी थांबवायची नाही. "हो? तो गेला? मग?" एवढंच म्हणायची. पोराच्या कानावर 'गेला' पडायचं आणि त्याची गोष्टही पुढे जायची. असं ऐकता ऐकता एक दिवस ते आपणच 'गेला' म्हणायचं. कधी म्हणायला लागलं ते त्याचं त्यालाही कळायचं नाही.

हे सगळं तिने आत्ता टेबलाशी सांगून बघितलं. सर शांतपणे ऐकत होते.

"झालं तुझं?" त्यांनी विचारलं. "मग आता माझं ऐक. तू हसतेस, वा म्हणतेस, मुलाला बरं वाटतं. पण बाहेरचं जग वा म्हणत नाही. बाहेर मूल चुकीचं बोललं की लोक त्याला हसतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मी टोकतो ते उद्या माझ्या नातीला कुणी हसू नये म्हणून. मला काय हौस आहे?"

सरांचं हेच अवघड होतं. माणूस दुष्ट असता तर भांडणं सोपं गेलं असतं.

"बरोबर आहे सरांचं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडलेला होता. "शेजारणी विचारतात मला, तुमची मुलगी बोलत का नाही. कुणी मंद म्हटलं तर मी काय करू?"

"वहिनी, अहो, वर्गात ती अखंड बोलते! बोलायची थांबत नाही! गप्प होते ती इथे, या टेबलाशी. मग दोष वर्गाचा?"

"आम्हीही याच टेबलाशी शिकलो," वन्सं म्हणाल्या. "माझं काही बिघडलं?"

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. निदान आज तरी याने तोंड उघडावं! एवढी बायकोची शोभा चाललीय! मौनीबाबा पाण्याच्या जगावरचे थेंब बोटाने पुसत बसले होते.

"ठरलं तर," दीर म्हणाले. "सोमवारी ती दोरी आणि चिमटे काढून टाक. मी परत पाठांतर सुरू करतो. आणि भिंगरीला यंदा वरच्या वर्गात घालायचं नाही."

"मागे ठेवणार तिला? वाचता येत असून?"

"बोलता येत नाही ना!"

तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं.

भिंगरी दारात उभी होती. धापा टाकत होती, फ्रॉकला धूळ लागलेली. "आजोबा!" ती ओरडली.

इतक्या दिवसांत पहिला शब्द! जाऊबाईंचा हात छातीशी गेला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"आजोबा, माई वर जाली आणि—"

टक्.

सर रागावले नव्हते, उलट हरखले होते. नात बोलली होती! "गेली, बाळा," ते मायेने म्हणाले. "माई वर गेली. सांग बघू पुन्हा. पहिल्यापासून."

भिंगरीने पुन्हा सुरू केलं. "माई वर... माई..." तिची नजर त्या अंगठीवरून हलेना. "माई वर जाली—"

टक्.

"बघा!" मोठे दीर जवळजवळ उठलेच. "हेच सांगतोय मी मघापासून! दोनदा सांगितलं तरी तेच!"

"तुम्ही बघा!" धाकटी खुर्ची मागे लोटून उभी राहिली. "इतक्या दिवसांनी पोर आपणहून बोलायला लागलं आणि तुम्ही दोन शब्दांत तिची दातखीळ बसवलीत! काय मिळवलंत?"

"आवाज खाली!"

"नाही करणार खाली! एवढ्याशा जिवाशी बरोबरी करता आणि मला आवाज खाली करायला सांगता?"

मग जे पेटलं ते पेटलंच. दीर पालकांवर गेले, वन्सं घराण्याच्या रीतीवर, जाऊबाई रडायला लागल्या. धाकटीने वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं बाहेर काढलं, पाठांतरातून पळून गेलेली पोरं, ओल्या चड्डीने वर्गात उभी राहिलेली पोरं, सगळं. आणि या सगळ्यात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. 'जाली' सगळ्यांनी ऐकलं होतं. माई कुणी ऐकलीच नव्हती. धाकटीनेसुद्धा नाही. तिच्याही शिक्षकी कानाने तेवढा शब्द उचलला आणि ती तो घेऊन भांडायला धावली.

भिंगरी थोडा वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग टेबलाला वळसा घालून मौनीबाबांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांचं बोट धरून ओढायला लागली. त्यांनी काय, का, काही विचारलं नाही. उठले आणि तिच्यामागून गेले. बाकीच्यांचं लक्षही गेलं नाही.

"...आणि तुझा नवराही याच पद्धतीने शिकलाय, विसरू नकोस!" दीर म्हणत होते.

"म्हणून तर बोलत नाही तो!" धाकटी म्हणाली.

"वर या!"

वरून आवाज आला. कुणाचा ते पटकन कुणाला ओळखूच येईना, कारण तो आवाज असा ओरडलेला या घरात कुणी ऐकलाच नव्हता. "सगळे वर या! आई पडलीय! लवकर या!"

वर अडगळीच्या खोलीत माई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. स्टूल आडवं. माळ्याच्या कडेवरून वेताची उंच खुर्ची अर्धी खाली आलेली, तिचे दोन पाय हवेत. माईंचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, ओठ हलत होते. मौनीबाबा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"रडारड नको," माई पुटपुटल्या. "खुर्ची पडेल कुणाच्या डोक्यात. आधी ती उतरवा."

मोठ्या दिरांनी खुर्ची उतरवली.

दवाखान्याच्या बोळात भिंतीशी एक लांब लाकडी बाक होता. माईंना आत नेऊन बराच वेळ झाला होता. खुब्याचं हाड मोडलंय, एवढं बाहेर येऊन सांगून नर्स पुन्हा आत गेली होती. औषधांच्या वासाने आणि न बोललेल्या गोष्टींनी बोळ कोंदला होता. जे सगळ्यांच्या मनात होतं त्याला कुणी तोंड फोडेना. आपण खाली भांडत होतो तेव्हा माई वर एकट्या पडून होत्या. कुणी मोजायला धजत नव्हतं, किती वेळ.

मोठे दीर येरझाऱ्या घालत होते. गप्प बसवेना त्यांना. "सोमवारचं आपण मग नंतर..." ते कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाले.

"सोमवारी भिंगरी काकूच्या वर्गात बसणार," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मुलीला मांडीवर घट्ट धरलं होतं. आजवर नवऱ्याचीच री ओढत आलेली बाई, पण आता तिच्या डोळ्यांत बघायची सोय नव्हती. "वर्ग जिचा आहे तिचाच राहील. आणि तुम्ही आता बसा एका जागी. माझं डोकं गरगरतंय तुमच्या फेऱ्यांनी."

दीर बसले.

वन्सं धाकटीशेजारी सरकल्या. हलक्या आवाजात बोलायला लागल्या. "मघाशी म्हटलं ना मी, माझं काही बिघडलं का. अगं, कोर्टात बोलताना मधेच कुणी दार वाजवलं, कुणाचं पेन पडलं, तरी माझं वाक्य तुटतं. आणि मग मी ते पहिल्यापासून सुरू करते. न्यायाधीश हसतात. सगळ्यांना वाटतं, बाईंची लकब आहे."

धाकटीला त्यांची कीव आली, पण राग काही ओसरेना. उलट चढला. कीव करायची तरी किती जणांची! एक ही, एक तो बोळाच्या टोकाला खिडकीशी पाठमोरा उभा असलेला नवरा, एक हे पोर. एका माणसाच्या एका बोटाने या सगळ्यांचं बोलणं मुठीत धरलं, आणि वर म्हणे तुमच्या भल्यासाठी! स्वतःवरचा राग तर वेगळाच. ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सर बसले होते तिथे जाऊन उभी राहिली.

"सर, ती अंगठी काढा."

सरांनी वर बघितलं. एका दुपारीत माणूस केवढा थकला होता. तरी धाकटीला दया आली नाही. यायलाच नको होती.

"काढून ठेवा ती," ती म्हणाली. "आपल्या घरात तुम्ही मोठे आहात, तुमचं पुस्तकही मोठं असेल. पण यापुढे मी तो आवाज ऐकणार नाही. लहान मुलांसमोर तर नाहीच नाही. मला ऑफिसात बसवा, नाहीतर घराबाहेर काढा."

दीर "अगं, काय ही वेळ" असं काहीतरी म्हणायला लागले आणि वन्संनी त्यांना हाताने गप्प केलं. सरांनी अंगठी फिरवून बघितली, पण बोटं सुजल्यासारखी झाली होती, ती सांध्यावरून निघेना.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. तरुण बाई, कपाळावर आठ्या, घाईत.

"पडल्या तेव्हा जवळ कोण होतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"हे बघा, आजींना नीट आठवत नाही. मला एवढंच कळायला हवंय, की पाय घसरून पडल्या, की आधी चक्कर आली आणि मग पडल्या? चक्कर आधी आली असेल तर मला आधी हृदय तपासावं लागेल, मगच ऑपरेशनचं बघता येईल. कुणी तरी पाहिलं असेल ना?"

सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली.

धाकटी भिंगरीसमोर उकिडवी बसली. "भिंगरे, तू होतीस ना माईजवळ? काय झालं ते सांगशील डॉक्टरांना? तुला जसं येईल तसं."

भिंगरी आईच्या मांडीवरून उतरली. बाकावर चढून बसली, आजोबांच्या शेजारी, कारण तिथेच जागा होती. पाय लोंबकळत होते. तिने श्वास घेतला.

"माई म्हणाली, चल, परीक्षा-बिरीक्षा गेली खड्ड्यात, तुला खुर्ची काढून देते. मग माई वर जाली—"

टक्.

धाकटी ताडकन उठली. रागाने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आत्तासुद्धा? इथेसुद्धा? तिने सरांच्या हाताकडे बघितलं. तो हात त्यांच्या गुडघ्यावर होता. हललेलाही नव्हता.

भिंगरीचं मधलं बोट वाकलेलं होतं आणि बाकाच्या लाकडावर टेकलेलं होतं.

"माई म्हणाली, चल," तिने पहिल्यापासून सुरू केलं. आवाज बारीक झाला होता. "परीक्षा-बिरीक्षा गेली खड्ड्यात. तुला खुर्ची काढून देते. मग माई वर—" थांबली. डोळे गच्च मिटले. "वर जाली—"

टक्. तिने स्वतःच्या हाताने स्वतःला थांबवलं.

जाऊबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. वन्संनी मान फिरवली. खिडकीशी उभे असलेले मौनीबाबा वळले आणि इकडे यायला लागले. डॉक्टर गोंधळून एकेकाकडे बघत होत्या. हे काय चाललंय, त्यांना काय माहीत? हे त्या घरातल्यांनाच माहीत होतं.

"माई म्हणाली, चल..." पोरीने तिसऱ्यांदा सुरू केलं. "खुर्ची काढून देते. मग माई वर जाली—"

बोट वाकलं, खाली आलं, आणि आवाज झाला नाही.

सरांनी आपला तळहात मधे सरकवला होता. उताणा, बाकावर, तिच्या बोटाखाली. भिंगरीचं वाकलेलं बोट त्या म्हाताऱ्या तळहातावर टेकलं होतं. तिने डोळे उघडून आधी हाताकडे बघितलं, मग आजोबांच्या तोंडाकडे.

"मग?" सर म्हणाले. घोगरा आवाज होता. "पुढे सांग. पुढे."

आणि या घरात आजवर कुणी केलं नव्हतं ते भिंगरीने केलं. जिथे थांबली होती तिथूनच पुढे गेली.

"मग माई म्हणाली, अगं, मला गरगरतंय. मी म्हणाले, उतर. माई म्हणाली, आता खुर्ची आली हातात. मग तिने डोळे मिटले. स्टूल नाही हललं, माईच हलली. आणि मग पडली. मी हाक मारली, मारली, ती बोललीच नाही. मग मी जिन्यावरून पळत येली."

"डोळे मिटले आणि मग पडल्या? नक्की?"

"हो. आधी मिटले. मग पडली."

"म्हणजे आधी चक्कर," डॉक्टर स्वतःशी म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. दारात थांबून त्यांनी मागे बघितलं, बाकावरच्या त्या शिकल्यासवरलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे, आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, इतकी महत्त्वाची गोष्ट! आल्या आल्या का नाही सांगितलं हे मला? दुपारपासून कुणी काही बोललंच नाही?"

"मी सांगत होते," भिंगरी म्हणाली.